सात घरांचे मांजर

मांजर आपली पिले सात घरे फिरवते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. लहानपणी ती ऐकताना मला तीत मांजरीच्या मायेचे कौतुकच तेवढे दिसे. पिलू तोंडात धरून आज माळ्यावर, उद्या सरपणाच्या ढिगामागे, परवा शेजारच्या बाळंतिणीच्या खोलीत, असा तिचा प्रवास चाले आणि वाड्यातील आम्ही मुले तिच्या पाळतीवर असू. आता उतारवयात त्या समजुतीची दुसरी बाजू ध्यानात येते. जिची सात घरे, तिचे एकही घर नव्हे. सातांपैकी प्रत्येकाने तिला काहीतरी घातलेले असते, आणि ती उरलेल्या सहांपैकी कोणाची तरी आहे, असे प्रत्येकाला वाटत असते.

हा विचार मनात येण्यास एक घरगुती निमित्त घडले. बेळगावात टिळकवाडीच्या बाजूस जुन्या बंगल्यांच्या जागी ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतील एकीत माझे वास्तव्य आहे. चोवीस बिऱ्हाडे, त्यांची वाहने, एक समाईक गच्ची आणि खाली पाच-सहा मांजरे. तिसऱ्या मजल्यावरील एक काकू रोज पूजा आटोपली की जिन्याखाली दूधभात ठेवतात. सोमवार, संकष्टी आणि श्रावण सोडला, तर ज्यांच्या घरी मासळी येते, तेथून डोकी-शेपट्या खाली येतात. दुसरीकडे, तळमजल्यावरील गृहस्थांच्या तुळशीच्या कुंडीत मांजरे घाण करतात. कोणाच्या स्कूटरची गादी ओरबाडली जाते. एका लहान मुलीला पंजा लागला, तेव्हा तिला रेबीजची इंजेक्शने घ्यावी लागली. हा दोष काही काल्पनिक नव्हे. रेबीज कुत्र्यापुरताच असतो, ही समजूत चुकीची आहे. दूधभात घालणाऱ्या बाजूने या गोष्टी हसण्यावारी नेल्या, हे मला तेव्हाही पटले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात मीटरच्या खोलीत एक भाटी व्याली. चार पिले. त्यांचे डोळे उघडून पुरते पंधरा दिवसही झाले नसतील, तोच एका रात्री ती चारही नाहीशी झाली. कोणी नेली, कोणी नेववली, हे कोणी विचारले नाही. विचारण्याची गरज नव्हती असेही म्हणता येईल. पुढे तीन रात्री ती भाटी वाहनांच्या मधून फिरत ओरडत राहिली. चौथ्या दिवशी बिऱ्हाडकरूंची बैठक बोलावण्यात आली. बैठकीचे कारण पिले नव्हती. मांजराच्या ओरडण्याने झोप होत नाही, हे कारण होते.

त्या बैठकीत मी गप्प बसलो. पिले नाहीशी करणाऱ्याचा निषेध करण्याची सर्वांत कमी योग्यता तेथे कोणाची असेल, तर ती माझी होती.

वाचकहो, माझे बालपण निपाणीत गेले. तंबाखूच्या एका वखारीमागे आमचा वाडा होता. आठ-नऊ बिऱ्हाडे, मधे चौक, चौकात नळ. हंगामात तंबाखूच्या खकाण्याने वाड्यातील माणसे शिंकत आणि मांजरेही शिंकत. घरात आम्ही कोकणी बोलत असू, चौकात मराठी, आणि पेठेत समोरचा बोलेल ती भाषा. मांजराला माजर म्हणावे की मांजर, यावरून शेजारची मुले मला चिडवीत. मांजराला त्याचे काही नव्हते. ज्या भाषेत ताटली वाजेल त्या भाषेत ते येई.

मी अकरा वर्षांचा असेन. आमच्या लाकडांच्या खोलीत एका मांजरीने पिले घातली होती. वाड्यातील एका वडीलधाऱ्यांनी मला बोलावून एक रिकामे पोते दिले आणि सांगितले की, यमगर्णीपाशी वेदगंगेचा पूल ओलांडून पलीकडे सोडून ये. पाण्यात टाकू नकोस, असेही त्यांनी बजावले, पाप लागते. पोत्याचे तोंड घट्ट बांध, म्हणजे वाट दिसणार नाही. त्या वाक्याचा उत्तरार्ध मला आजही उलगडलेला नाही. ज्या पिलांना धड चालता येत नव्हते, ती वाट पाहून परत कशी येणार होती? मला वाटते, वाट कोणाला दिसू नये हे त्यांनाही नीट ठाऊक नव्हते.

मांजराच्या पिलाची एक रीत आहे. मानेच्या मागची कातडी धरून उचलले की ते हातपाय आवरून घेते आणि निमूट लोंबते. आई नेताना धडपड केली तर दोघेही पडतील, म्हणून निसर्गानेच ही निष्क्रियता त्याच्या अंगात घातली आहे. मी एकेक पिलू तसे उचलले. एकानेही नख काढले नाही. पुढे मोठेपणी श्रीवैष्णवांच्या मार्जारकिशोरन्यायाविषयी वाचले. माकडाचे पोर आईला घट्ट धरून राहते, तर मांजराच्या पिलाला आईच धरते. तेंगलै आचार्यांनी शरणागतीसाठी दुसरा दृष्टांत घेतला, कारण तेथे धरण्याचे सर्व ओझे धरणाऱ्यावर असते. मोठा सुंदर विचार आहे. पण तो वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ईश्वर येत नाही. सायकलच्या हँडलला अडकवलेले पोते येते.

परत आलो तेव्हा मांजरी चौकात ओरडत होती. माझ्या आजीने तिच्यापुढे भात ठेवला, तिने तोंड लावले नाही. आजी कोणाला उद्देशून नव्हे, अशी म्हणाली, "आवय न्हय ती?" एवढेच. मला कोणी रागावले नाही, कोणी शाबासकीही दिली नाही. पोते देणाऱ्याने सोडले नव्हते, सोडणाऱ्याने ठरवले नव्हते, आणि बाकीच्यांनी काही पाहिलेच नव्हते. नऊ बिऱ्हाडांत ते पाप इतके बारीक वाटले गेले की कोणाच्याच वाट्याला आले नाही.

या पोत्यामागे आपल्या धर्मकल्पनांचाही हात आहे, असे मला वाटते. आपल्याकडे मांजराची जागा मोठी चमत्कारिक आहे. ढोंगी तपस्व्याला मनुस्मृतीने मांजराचेच नाव दिले. मामल्लपुरमच्या विशाल शिल्पात एक मांजर पुढचे पाय वर करून तप करीत उभे आहे आणि भोवती उंदीर जमले आहेत. बंगालात तेच मांजर लेकरांची राखण करणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहन ठरले. मांजराने तोंड लावलेले अन्न खाल्ल्यास स्मृतीत प्रायश्चित्त आहे. मांजराच्या हत्येला तर आहेच, आणि लोकसमजुतीने त्यावर कळस चढवून काशीला सोन्याचे मांजर दान करण्यापर्यंत मजल नेली. भूतयज्ञात मनूने कुत्रा, कावळा, कृमी यांच्यासाठी भूमीवर अन्न ठेवण्यास सांगितले. मांजराचे नाव त्या ठिकाणी नाही. ज्याला वाढले नाही तरी जे घेतेच, त्याला वेगळे वाढावे कशाला, असा व्यवहारी विचार त्यामागे असेल काय, असे गमतीने मनात येते. परंतु मुद्दा असा की, लोकांच्या मनात मारण्याला प्रायश्चित्त आहे आणि सोडून येण्याला नाही. त्या फटीतून पोते बाहेर पडते. पूल ओलांडल्यावर पिलाचे जे काही होईल ते कावळ्याने, कुत्र्याने, पावसाने केले. आपण केले नाही.

आता, माणसाने मांजराला घरात घेतले ते काही दयेपोटी नव्हे. धान्य आणि उंदीर यांच्यामुळे हा संबंध जुळला. आपल्या भागात त्याची कठोर आठवण प्लेगची आहे. 1896 साली मुंबईत उतरलेली ही साथ पुढील दोन वर्षांत बेळगाव-धारवाडच्या मुलखात पोहोचली. घरात उंदीर मरून पडला की लोक घर सोडून माळावर झोपड्यांत राहावयास जात; आमच्या आधीच्या पिढ्यांत जन्मसाल सांगताना 'प्लेगाच्या वर्षी' असे म्हणण्याची चालच होती. त्या काळी वऱ्हाडात अमरावतीस सिव्हिल सर्जन असलेल्या ब्युकॅनन यांनी गावोगावच्या मांजरांकडे लक्ष दिले आणि जेथे घरोघर मांजरे आहेत तेथे प्लेग कमी, असे मत 1908 साली ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात मांडले. उंदरांना विष घालण्यास धार्मिक लोक नाखूष असत, मांजर पाळण्यास मात्र कोणाची हरकत नव्हती, हेही त्या उपायाच्या बाजूने होते. आजचे वैद्यक या बाबतीत सावध आहे, कारण मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसालाही होऊ शकतो. तथापि, एके काळी आपल्या घरात मांजर असणे हा जीवाचा आधार मानला गेला होता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

गरज संपल्यावर काय? महाभारताच्या शांतिपर्वात भीष्मांनी युधिष्ठिराला पलित नावाच्या उंदराची आणि लोमश नावाच्या मांजराची कथा सांगितली आहे. मांजर जाळ्यात अडकलेले; उंदरावर एकीकडून मुंगूस आणि दुसरीकडून घुबड टपलेले. दोघे सख्य करतात. उंदीर मांजराच्या कुशीत बसून जाळे कुरतडतो, पण शेवटचा दोर पारधी जवळ येईपर्यंत राखून ठेवतो, म्हणजे सुटताच मांजराला पळावे लागेल आणि उंदराला खाण्यास सवड मिळणार नाही. पुढे मांजर मैत्रीची भाषा बोलू लागते, तेव्हा पलित बिळातूनच उत्तर देतो की, आपले सख्य कारणापुरते होते, कारण संपले.

आमच्या बैठकीतील एका सुशिक्षित गृहस्थांचा युक्तिवाद, त्यांना नकळत, पलिताचाच होता. धान्य आता पिशव्यांतून येते, उंदरांसाठी औषध फवारणारी माणसे वर्षाच्या कराराने येतात. मग मांजर हवेच कशाला? या बोलण्यात तर्कदोष नाही, असे प्रथम मलाही वाटले. पण पलिताने असे बोलणे शोभते, कारण तो दुबळा आहे. सख्य लांबले तर त्याचा जीव जाणार आहे. येथे बीळ, जाळे आणि पारधी हे सर्वच आपण आहोत. दुबळ्याची सावधगिरी बलवानाने उसनी घेतली की तिला नीती म्हणता येत नाही. ज्याच्या हजारो पिढ्या आपल्या उंबऱ्याभोवती वाढल्या, त्याला परत जाण्यास रान उरलेले नाही. पुलापलीकडे रान नाही. तेथेही कोणाचे तरी अंगण आहे. आम्हा सीमाभागातल्या लोकांस तर हे सांगावयास नको. नकाशावरच्या रेषेपलीकडे ढकलल्याने कोणाचा प्रश्न सुटत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या दप्तरी जातो.

कायदाही याबाबत मुका नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत असताना त्यांनी ज्या कायद्यासाठी धडपड केली, तो प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा कायदा 1960 साली झाला. 1962 साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्याच पहिल्या अध्यक्ष. त्या कायद्याने उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा गुन्हा ठरवला आहे. मी पोते घेऊन पूल ओलांडला, तेव्हा तो कायदा अस्तित्वात होता. 2023 च्या केंद्रीय नियमांनी आणखी एक पाऊल टाकले. वसाहतीत जन्मून तेथेच राहणारे, कोणाच्याही मालकीचे नसलेले जनावर त्यांनी 'सामुदायिक' म्हटले, आणि त्याला खाऊ घालण्याची जागा व वेळ मुलांच्या खेळण्याच्या जागा, जिने आणि ये-जा सोडून ठरवण्याची व्यवस्था तेथील रहिवासी संघाकडे दिली. घालणाऱ्याने जागा स्वच्छ ठेवावी, हेही त्यात आहे. एरवी सरकारी नियमांच्या भाषेवर माझे फारसे प्रेम नाही. पण 'सामुदायिक' या शब्दाने मला थांबवले. सात घरांच्या मांजराला अखेर एक नाव मिळाले होते.

परंतु जागा आणि वेळ ठरवून प्रश्न संपत नाही, आणि येथे मला दूधभात घालणाऱ्या काकूंविरुद्ध बोलावे लागते. त्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणूनच बोलावे लागते. पहिली गोष्ट म्हणजे दूधभात हे मांजराचे अन्नच नव्हे. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, त्यांची पोटे बिघडतात. ते पुरते मांसाहारी जनावर आहे. आपल्या सोवळ्याला झेपेल तेच त्याने खावे, ही अपेक्षा आपल्या समाधानासाठी आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. सुमारे नऊ आठवड्यांत विते, पिले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहते, वर्षातून दोन-तीन वेळा विते. ताटली ठेवणारा हात त्या जन्मांना कारण होतो. मग ती पिले वाढतात, तुळशीची कुंडी उकरली जाते, कोणाचा तरी संयम सुटतो, आणि पोते निघते. दूधभात घालणारा आणि पोते बांधणारा ही दोन वेगळी माणसे असतात खरी, पण एकाच दोरीची ती दोन टोके आहेत. काकूंना हे मी एकदा सौम्यपणे सांगितले. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

यावर आज जो उपाय सांगितला जातो तो निर्बीजीकरणाचा. मांजरे पिंजऱ्यात धरावयाची, शस्त्रक्रिया करावयाची, ओळखीसाठी कानाचे टोक किंचित छाटावयाचे आणि जेथून धरली तेथेच आणून सोडावयाची. मुंबई महापालिकेने कुत्र्यांमागोमाग मांजरांसाठीही 2019 मध्ये हे काम हाती घेतले. पुन्हा तेथेच कशासाठी सोडावयाची, असा प्रश्न आमच्याकडेही निघाला. त्याचे उत्तर असे की, अन्न आहे तेथील जागा रिकामी राहत नाही. ही मांजरे गेली तर दुसरी येतात, आणि ती पुन्हा विणारी असतात.

दुसऱ्या बैठकीत हा उपाय मी मांडला. बहुतेकांना तो सोयीचा वाटला, आणि सोयीचा वाटला म्हणूनच मला थोडे भय वाटले. विरोध झाला तो अनपेक्षित ठिकाणाहून. दुसऱ्या मजल्यावरील एक वृद्ध बाई, ज्यांनी मांजरांना कधी काही घातल्याचे मला आठवत नाही, त्या म्हणाल्या, "मुक्या जिवाची कूस मिटवायची, आणि त्याला दया म्हणायचे?"

सभेत कोणी तरी हसले. मला हसू आले नाही. आजीच्या त्या तीन शब्दांनंतर मांजराविषयी इतके खरे वाक्य मी ऐकले नव्हते. आपण ज्याला विचारू शकत नाही, त्याच्या देहावर आपल्या सोयीसाठी शस्त्र चालवावयाचे. त्याला यातना न देता चालवले तरी ते शस्त्रच. ही अहिंसा आहे असे म्हणून मी स्वतःची समजूत घालू शकत नाही. शस्त्रक्रियेने मांजरीचे आयुष्य वाढते, रोग टळतात, बोक्यांच्या मारामाऱ्या कमी होतात, हे सर्व खरे आहे. पण ही कारणे आपण नंतर शोधलेली आहेत. मूळ कारण, इतकी मांजरे आपल्याला नको आहेत, हेच आहे.

मी त्या बाईंना एवढेच म्हणालो की, तुम्ही म्हणता ती हिंसाच आहे. फरक इतकाच की ही आपण दिवसाढवळ्या, नावे लिहून, पैसे काढून करणार आहोत, आणि नंतर ते जनावर रोज आपल्या डोळ्यांसमोर वावरणार आहे. पोत्याचे तसे नसते. त्यांचे समाधान झाले नाही. माझेही पुरते झाले असे नाही. गृहस्थाच्या घरी चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी जीवहत्या होतच असते, असे स्मृती मानते, आणि म्हणून त्याच्यावर पाच यज्ञांचे देणे टाकते. हत्या होत नाही, असे भासवण्याची मुभा ती गृहस्थाला देत नाही. या बाबतीत माझी पावले तेथपर्यंतच जातात.

वर्गणी काढली. आठ बिऱ्हाडांनी दिली नाही. त्या वृद्ध बाईंनी दिली. पावती मात्र घेतली नाही. ताटलीची जागा जिन्याखालून मागच्या भिंतीकडे गेली आणि काकू दूधभाताऐवजी शेजारच्या घरातून उकडलेली मासळी मागून, स्वतः स्पर्श न करता, मुलाकरवी ठेववू लागल्या. तुळशीच्या कुंडीभोवती तळमजल्याच्या गृहस्थांनी जाळी बसवली, तिचा खर्च संघाने दिला; यावरूनही थोडे बोलणे झालेच.

मीटरच्या खोलीतल्या भाटीला धरण्यास चार दिवस लागले. पिंजऱ्यात बांगड्याचे डोके ठेवले होते, तरी ती दुरून वास घेई आणि निघून जाई. पाचव्या पहाटे पिंजऱ्याचे दार पडल्याचा आवाज आला. मी खाली गेलो तेव्हा ती कोपऱ्यात अंग आक्रसून बसली होती. पिंजऱ्यावर टाकण्यासाठी वॉचमनने अंधारात हाताला आलेले पोते पुढे केले. मी ते परत केले आणि घरातून एक जुने धोतर आणून वर घातले. दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात ती ओरडली नाही. मी मात्र, कोणी ऐकत नाही असे पाहून, तिच्याशी सारा वेळ कोकणीत काहीबाही बोलत होतो.

आता तिचा डावा कान टोकाशी सरळ आहे. ती भिंतीकडची ताटली सर्वांत शेवटी खाते. माझ्या हातून अद्याप काही घेत नाही; मी ठेवून दहा पावले मागे सरलो की मग येते.